शिकलगार: शिरवळच्या वाटेवर धारेचा शोध

१/ पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. या एका गावाच्या परिसरात धारेच्या इतिहासाचे तीन थर आढळतात: डोंगरातली बौद्ध लेणी, नदीकाठचा सुभानमंगळ आणि महामार्गालगतचे कारखाने. तलवार चालवणाऱ्यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. ती धारदार ठेवणाऱ्यांविषयी आजचा हा थ्रेड.

२/ पहिला थर लेण्यांचा. सह्याद्रीचा काळा पाषाण अतिशय चिवट. त्यावर लोखंडी छिन्नी चालवली की तिचे टोक थोड्याच वेळात बोथट होते. म्हणून लेणे खोदायचे तर पाथरवटाच्या पाठीशी लोहार हवाच. छिन्नी तापवायची, ठोकून टोक काढायचे आणि पाण्यात बुडवून पुन्हा कठीण करायचे. लेण्यातला प्रत्येक खांब या न दिसणाऱ्या श्रमावर उभा आहे.

३/ दुसरा थर १६४८ चा. आदिलशाही सरदार फत्तेखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा बाळाजी हैबतराव याने शिरवळचा सुभानमंगळ घेतला. शिवाजी महाराजांनी कावजी मल्हार यांना पाठवून तो परत जिंकला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे. आज मात्र त्या कोटाचे फारच थोडे अवशेष उरले आहेत.

४/ अशा मोहिमेला घोडा आणि दाणागोटा जितका आवश्यक, तितकीच धारही. चार महिन्यांच्या पावसात पोलाद गंजते. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे, म्हणजे त्याआधी तलवारी, भाले, कट्यारी उजळलेल्या हव्यात. खंडेनवमीला शस्त्रे व हत्यारे पुजण्याची आपली रीत या व्यवहाराशी किती सुसंगत आहे, ते सहज लक्षात येईल.

५/ हे उजळण्याचे काम शिकलगाराचे. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई, चकाकी. त्याला फारसी ‘गर’ हा कर्तृवाचक प्रत्यय जोडून ‘सैकलगर’ झाला आणि मराठीत तो ‘शिकलगार’ म्हणून रुळला. पाते घडवतो तो लोहार. ते घासून, गंज काढून, धार देऊन लखलखीत करतो तो शिकलगार. लोहार गावाच्या बारा बलुतेदारांत मोडे. शिकलगाराचे पोट प्रामुख्याने शस्त्र बाळगणाऱ्यांवर, म्हणजे फौजेवर आणि सरदारांवर अवलंबून होते.

६/ त्याचे साधन कोणते? लाकडी आसावर बसवलेले चाक. कुरुंद नावाच्या खनिजाची भुकटी लाखेत कालवून हे चाक तयार होई. आसाभोवती चामड्याचा पट्टा गुंडाळून साथीदार त्याची दोन टोके आळीपाळीने ओढी, चाक पुढे-मागे फिरे आणि कारागीर त्यावर पाते धरी. संस्कृतात धारेच्या दगडाला ‘शाण’ म्हणतात. चंदन उगाळण्याची आपली ‘सहाण’ त्याच शब्दातून आली.

७/ कुरुंदच का? खनिजांच्या कठिणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याचे स्थान १०, कुरुंदाचे ९ आणि वाळूतल्या गारेचे ७. पोलाद कापायला कुरुंद उत्तम. दख्खनच्या काळ्या पाषाणात तो मिळत नाही. तो म्हैसूर, सेलम अशा दक्षिणेकडच्या प्रदेशांतला. म्हणजे साताऱ्यातल्या तलवारीची धार दूरच्या खाणीशी आणि तिथून येणाऱ्या व्यापाराशी बांधलेली होती.

८/ युरोपला या दगडाचे कुतूहल वाटले. चार्ल्स ग्रेव्हिल याने आशियातील कुरुंदावर लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७९८ साली छापून आला. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. आपल्या कारागिराच्या हातातली वस्तू अशा रीतीने शास्त्राच्या पुस्तकात पोहोचली. त्याच काळात त्या कारागिराच्या पायाखालची जमीन मात्र सरकू लागली होती.

९/ १८१८ साली पेशवाई संपली आणि मोठ्या फौजा विसर्जित झाल्या. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये शस्त्रे देण्यास नकार दिला आणि बंड केले. हत्यार हिरावले जाणे म्हणजे काय, हे त्या गावाला नेमके उमगले होते.

१०/ मग १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्यावाचून शस्त्र बनवणे, विकणे, बाळगून हिंडणे गुन्हा ठरला. बंदुकांप्रमाणे तलवारी, खंजीर आणि भालेही त्याच्या कक्षेत होते. हा कायदा आपण राष्ट्रीय चळवळीच्या संदर्भात अभ्यासतो: हिंदी माणसाचा अपमान, काँग्रेसचे ठराव. पण तलवारच घराबाहेर पडत नसेल, तर ती उजळायला शिकलगाराकडे कोण येणार? धार लावण्यावर थेट बंदी न घालताही त्याचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले.

११/ शिकलगार उरला, त्याचे चाक उरले; त्यावर टेकणारे पाते तेवढे बदलले. तलवारीच्या जागी सुरी, कात्री, अडकित्ता, वस्तरा आणि खिशातला चाकू आला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांतही ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोजली जातात. घरगुती, शेतीच्या वा कारखान्यातील कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. शिकलगाराचे नवे जग या वगळलेल्या यादीत सामावले.

१२/ दरम्यान दगडही बदलला. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकी संशोधकाने माती व कोक विजेने तापवून एक अतिकठीण पदार्थ मिळवला. तो कार्बन आणि कोरंडम यांचा बनला आहे, अशा समजुतीने त्याने नाव ठेवले ‘कार्बोरंडम’. समजूत चुकीची होती, नाव टिकले. नीट ऐका, त्या नावात आपला कुरुंद दडलेला आहे. पुढे १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेलने धारेची चाके बनवण्यास आरंभ केला.

१३/ हा तिसरा थर. शिरवळच्या परिसरात आज मोठे कारखाने आहेत. गोदरेजची शीतकपाटे येथे तयार होतात. धातू कापण्या-घासण्याचे काम असलेल्या कुठल्याही कारखान्यात अशी कृत्रिम चाके हवीतच. साधन पूर्वीहून शक्तिशाली झाले, तरी त्यामागचे तत्त्व लाखेच्या चाकाचेच: पोलादाहून कठीण कण, एकत्र बांधून ठेवलेले.

१४/ हे तत्त्व कळले की खिशातल्या चाकूसाठी दगड निवडणे सोपे होते. दगडावरचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. पाते फारच बोथट किंवा दाते पडलेले असेल तर ४०० च्या आसपासचा खरखरीत दगड घ्यावा. नेहमीसाठी १००० चा पुरतो. गुळगुळीत धार हवी तर ३००० च्या पुढचा. दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा एकच कोन शेवटपर्यंत राखावा. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला सूक्ष्म खरखर जाणवली की बाजू बदलावी. शेवटी न्हाव्याच्या चामोट्याप्रमाणे चामड्यावरून पाते उलटे ओढावे.

१५/ विजेच्या चाकावर मात्र जपून. घर्षणाने पाते तापते आणि धारेवर निळी छटा दिसली की पोलाद मऊ पडले, असे समजावे. जुना कारागीर याला ‘पाणी उतरले’ म्हणतो. तापवून बुडवताना दिलेला कठिणपणा म्हणजे ‘पाणी’. ‘पाणीदार’ माणूस, ‘धारेवर धरणे’, बुद्धी ‘परजणे’: आपली भाषा शस्त्रशाळेची किती ऋणी आहे!

१६/ १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून आलेल्या वाघनखांचे प्रदर्शन खुले झाले आणि लोकांनी गर्दी केली. त्याच सातारा-सांगली भागात ‘शिकलगार’ हे आडनाव आजही घरोघर भेटते. शस्त्राला काचेची पेटी मिळाली. ते उजळणाऱ्याच्या चाकाला आणि त्याच्या शब्दांना अजून तशी जागा मिळालेली नाही.

१७/ म्हणून एक विनंती. आजी-आजोबांना विचारा: निसणा, कानस, चामोटे, शेवटणे, पाजवणे यांतले कोणते शब्द तुमच्या घरात बोलले जात? दारावर धार लावायला कोण येई? चाक हाताने फिरे, पायाने की सायकलवर? गावाच्या नावासह उत्तरे खाली लिहा. शिकलगारांच्या इतिहासाची कागदपत्रे थोडी आहेत. अशा आठवणी नोंदवून ठेवणे आपल्या हाती आहे.