अठ्ठ्याहत्तर वर्षांचें विस्मरण

इसवी सन १९०१ मध्यें लंडनचे शस्त्रवैद्य पीटर फ्रेयर यांनीं मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी समूळ काढण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ पूर्वीं हिंदुस्थानांतील सरकारी वैद्यकीय खात्यांत नोकरीस होते. त्याच वर्षीं रुमानियाचे शस्त्रवैद्य राकोविचानू-पितेष्ति यांनीं, कोकेनमध्यें मॉर्फिन मिसळून तें पाठीच्या कण्यांत टोचल्याचा आपला अनुभव पॅरिस येथें कथन केला. यांतील दुसरी युक्ति पहिल्या शस्त्रक्रियेच्या रोग्यांस फार उपयोगी पडण्यासारखी होती. परंतु दोहोंची गांठ पडावयास पाऊण शतकाहून अधिक काळ गेला. तो कां गेला, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

कण्यांतून भूल देण्याची कल्पनाच त्या वेळीं अवघी तीन वर्षांची होती. १८९८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील कील शहरीं औगुस्ट बीअर यांनीं मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोंवतींच्या द्रवांत कोकेन सोडलें. आणि आठवड्याभरानें तोच प्रयोग त्यांनीं व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनीं एकमेकांवर केला. बीअर यांच्या पाळीस पिचकारी सुईला बसेना व द्रव वाहून गेला. हिल्डेब्रांट यांचे पाय मात्र असे बधिर झाले कीं, नडगीवर हातोडा मारला तरी त्यांस वेदना झाली नाहीं. मग दोघांनीं मद्य घेतलें, चिरूट ओढले, आणि पुढें कित्येक दिवस दोघेही आजारी होते. गुरुशिष्यांची अशी जोडी आतां दिसत नाहीं, हें शिष्यांच्या नडग्यांच्या दृष्टीनें बरेंच झालें!

राकोविचानू यांचा अनुभव मागें पडला याचें कारण, आमच्या मतें, उपपत्तीचा अभाव हें होय. मॉर्फिनचें कार्य मेंदूंत चालतें ही समजूत दृढ होती. मग तें कण्यांत कां घालावें, या प्रश्नास उत्तर नव्हतें. १९७३ मध्यें बाल्टिमोर येथें पर्ट व स्नायडर यांनीं, अफूचीं द्रव्यें ज्यांस चिकटतात तीं स्थानें मज्जापेशींत दाखवून दिलीं. १९७६ मध्यें याक्श व रूडी यांनीं उंदरांच्या मज्जारज्जूपाशींच तीं द्रव्यें सोडून वेदना शमते हें सिद्ध केलें. १९७९ मध्यें अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें वांग प्रभृतींनीं कर्करोगाच्या आठ रोग्यांस कण्यांतून मॉर्फिन दिलें. जुनीच गोष्ट, पण या खेपेस तिला कारण सांपडलें होतें.

प्रोस्टेटच्या रोग्याला याचा लाभ विशेष आहे. तो बहुधा वृद्ध, हृदय व फुप्फुसें थकलेला. म्हणून त्याला जागा ठेवून कमरेखालीं बधिर करणें सोयीचें. मूत्रमार्गांतून ग्रंथी खरवडतांना धुण्याचें पाणी रक्तांत शिरलें, तर जाग्या रोग्याचा गोंधळ वैद्यास चटकन् कळतो. परंतु ही बधिरता कांहीं तासांत ओसरते, आणि मग नळीमुळें मूत्राशयास पेटके येऊं लागतात. त्याच सुईवाटें सुमारें ०.१ मिलिग्रॅम मॉर्फिन घातल्यास वेदना जवळजवळ दिवसभर दबते. कातडीखालीं टोचतांना जी १० मिलिग्रॅमची मात्रा देत, तिचा हा शंभरावा हिस्सा! बेल्जमचे पॉल यान्सेन यांनीं शोधलेलें फेंटानिल लौकर लागू पडतें, पण लौकरच उतरतें.

मॉर्फिनची ही दीर्घ सोबत निर्धोक मात्र नाहीं. तें पाण्यांत सहज विरघळतें, चरबींत नाहीं. त्यामुळें कण्यांतील द्रवाबरोबर तें हळूहळू मेंदूकडे चढतें आणि श्वास मंदावतो, तोही कित्येक तासांनंतर. आरंभीं कांहीं वैद्यांनीं कित्येक मिलिग्रॅमच्या मात्रा दिल्या, आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडलेल्या रोग्यांचा श्वास मागाहून खालावूं लागला. नॅलोक्सोन हा त्यावरील उतारा; मात्रा घटल्या त्या या अनुभवानंतर. अंगाला खाज सुटते, मळमळतें, लघवी तुंबते. पैकीं शेवटचा दोष प्रोस्टेटच्या रोग्यास जाणवत नाहीं, कारण नळी आधींच घातलेली असते. जेथें रात्रीं परिचारिका हजर नाहीं, तेथें हा उपचार करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. औषध थेंबभर लागतें. पण पहांटेपर्यंत खाटेपाशीं घड्याळ घेऊन कोणीतरी त्या म्हाताऱ्याचे श्वास मोजीत बसावें लागतें.