कराचीवरून जाणारा दोरा

३० मार्च १९२९ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून इम्पीरियल एअरवेजची हिंदुस्थानची हवाई सेवा सुरू झाली. कराचीला पोचायला सात दिवस. तेही सगळे हवेतले नव्हेत. बाझेलपर्यंत विमान, पुढे जिनोआपर्यंत आगगाडी, भूमध्य समुद्र ओलांडायला पाण्यावर उतरणारं विमान आणि अलेक्झांड्रियानंतर पुन्हा चाकांचं. मग बगदाद, बसरा करत इराणच्या किनाऱ्याने ग्वादर, कराची. शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालायला महिनोन् महिने लागत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर आगबोटीने तो प्रवास तीनेक आठवड्यांवर आणला होता. त्यापुढे सात दिवस म्हणजे नवलच!

पण कराचीहून मुंबई? ती कडी जोडली जे. आर. डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात लंडनहून आलेल्या टपालाच्या पिशव्या घेऊन ते स्वतः कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, टाकी भरली आणि दुपारी विमान जुहूच्या मातीवर उतरलं. टाटांच्या विमानसेवेचा उगम तो हाच. त्याच महिन्यात इराणची परवानगी संपल्यामुळे इम्पीरियलला आपला मार्ग आखाताच्या पलीकडे, बहारीन-शारजाकडे न्यावा लागला. प्रवासाचा वेळ नुसत्या इंजिनावर ठरत नाही, खालच्या देशाच्या होकारावरही ठरतो, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं आणि आपलं विमान लंडनला निघालं होतं, हे आजही वाचताना ऊर भरून येतो. १९६० साली बोइंग ७०७ आलं, जेट युग सुरू झालं, आणि पुढे टप्पे गळत गळत सरळ उड्डाण रोजचं झालं.

आता पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. तो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो आणि जवळजवळ नेमका कराचीवरून जातो. पुढे इराण, कॅस्पियनचा काठ, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी. टाटांनी टपाल आणलं तेही याच कराचीहून. पण फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. मग अरबी समुद्रावरून वळसा घ्यायचा, जादा इंधन भरायचं. लंडनला जाताना पश्चिमेकडून येणारा वारा समोरून लागतो, त्यामुळे परतीपेक्षा तासाभराने जास्त वेळ लागतोच. तो वारा वैमानिक आधीच हिशेबात धरतो. आकाश कोण कधी बंद करील, ते मात्र त्याला कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.