किल्ली कोणाच्या खिशात? किल्लेदारीपासून स्मार्ट लॉकपर्यंत

गेले काही आठवडे तुमच्याकडून एकच प्रश्न सारखा येतोय: ते मोबाइलवरून उघडणारं स्मार्ट लॉक दाराला बसवावं की नाही? आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, गॅजेट रिव्ह्यूचा नाही, हे मान्य. पण कुलूप ही इतकी जुनी वस्तू आहे की तिच्याबद्दलचे बरेचसे वाद आधीच होऊन गेलेत. म्हणून म्हटलं, जरा मागून सुरुवात करू.

किती मागून? तर इराकमधल्या खोर्साबादला असिरियन राजाचा एक राजवाडा सापडला, अडीच हजार वर्षांहून जुना. तिथे लाकडी कुलूप मिळालं. अडसराला वरून भोकं, त्या भोकांत आपल्या वजनानं पडणाऱ्या लाकडी खुंट्या, आणि त्या खुंट्या वर उचलणारी, भल्यामोठ्या टूथब्रशसारखी दिसणारी लाकडी किल्ली. १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येल यांनी याच कल्पनेला धातूत आणि स्प्रिंगमध्ये बसवलं, लहान केलं. तुमच्या फ्लॅटच्या दाराला जे लॅच आहे ना, त्याच्या पोटात बहुतेक हीच खुंट्यांची गंमत चालते.

कुलपाबद्दल दोन प्रश्न असतात. एक, परक्या माणसाला ते उघडता येईल का? आणि दोन, किल्ली कोणाकडे राहणार? जाहिराती सगळ्या पहिल्याच प्रश्नावर. मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे, आणि आपल्या मराठी इतिहासात त्याचं एक झकास उदाहरण आहे.

शिवकाळातल्या किल्ल्यांवर एकट्या माणसाच्या हातात कारभार नसायचा. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे तीन अधिकारी. संध्याकाळी दरवाजे बंद करणं, सकाळी उघडणं हे हवालदाराचं काम. आणि नियम असा, की किल्ल्या त्यानं दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायच्या नाहीत, कुलूप लागलंय की नाही हे स्वतः ओढून बघायचं. म्हणजे गडाचा दरवाजा कितीही भक्कम असू दे, तो शेवटी किल्ली बाळगणाऱ्या माणसाइतकाच भक्कम, हे त्या काळात पक्कं माहीत होतं. गड काही नुसते तोफांनी पडत नव्हते, फितुरीनंही पडत होते.

आता थेट लंडनला जाऊ, कारण पहिल्या प्रश्नाचा, म्हणजे कुलूप उघडता येतं का याचा, सगळ्यात मोठा तमाशा तिथे झाला. जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिरानं १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. काही वर्षांनी त्याच्या पिकॅडिलीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलं गेलं, सोबत पाटी: हे जो किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी. साठेक वर्षं ते कोणाला उघडलं नाही. मग १८५१ च्या मोठ्या जागतिक प्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्यानं आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं. आणि मग ब्रामाचं. त्याला वेळ लागला ५१ तास, तोही १६ दिवसांत विभागून.

लंडनमध्ये केवढा गहजब झाला! एक बाजू म्हणे, असली गुपितं उघड करू नका, चोर शिकतील. हॉब्जचं म्हणणं उलट होतं. चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात राहतो तो बिचारा गिऱ्हाईक. हा वाद लक्षात ठेवा, जसाच्या तसा परत येणार आहे.

मधला काळ भरभर सांगते. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. माणूस मुळात वकील. ती वकिली सोडली, मग शस्त्रक्रियेची उपकरणं बनवून बघितली. पण त्यांच्यावर भारतात बनवल्याचा शिक्का मारायला गिऱ्हाईक राजी नव्हतं, म्हणून तेही सोडलं. शहरातल्या घरफोड्यांबद्दल वाचनात आलं आणि कुलपाचा धंदा सुचला. पुढे आपल्या घराघरांत ते नाव कसं पोचलं हे मी सांगायला नको.

किल्लीचा खरा कायापालट झाला तो हॉटेलांमध्ये. १९७४ साली अमेरिकेत गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर हॉटेलच्या खोलीत घुसून हल्ला झाला. ही घटना ऐकून नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी भोकं पाडलेल्या प्लास्टिक कार्डाचं कुलूप तयार केलं. प्रत्येक पाहुण्याला नवा कोड. जुना पाहुणा किल्ली घेऊन गेला तरी बिघडत नाही. किती साधी आणि किती हुशार गोष्ट! इथे किल्ली धातू राहिली नाही, ती माहिती झाली. आणि माहितीचं काय असतं, तिची नक्कल करायला किल्लीवाला लागत नाही.

२०१२ साली कोडी ब्रोशियस या तरुण प्रोग्रामरनं हे जाहीर दाखवून दिलं. ओनिटी कंपनीची हॉटेलांमधली लाखो कुलपं, त्यांच्या खालच्या बाजूला एक छोटं छिद्र, त्यात ५० डॉलरपेक्षा कमी खर्चाचं यंत्र लावलं की दार उघडलं. काही महिन्यांत ह्यूस्टनच्या हॉटेलांत याच पद्धतीच्या चोऱ्या झाल्या. हॉब्जला एका कुलपासाठी ५१ तास घालवावे लागले होते आणि पुढचं कुलूप पुन्हा नव्यानं उघडावं लागलं असतं. इथे एक खोट सापडली की लाखो दारांची सापडली.

मग आली आपली वायरलेस कुलपं. साधारण २०१२ ते २०१४ या दोन वर्षांत अमेरिकेत लॉकिट्रॉन, ऑगस्ट वगैरे नावं गाजू लागली. आतली रचना फार काही अगम्य नाही. सरकणारा बोल्ट तोच जुना. तो फिरवायला एक मोटर, मोटरला बॅटरी, आणि तिला हुकूम द्यायला ब्लूटूथ, वायफाय किंवा बटणांचं पॅड. म्हणजे पोटात येल, डोक्यात फोन.

आणि हॉब्जचा वाद परत आला. २०१६ च्या डेफकॉन या हॅकर मेळाव्यात अँथनी रोज आणि बेन रॅमझी यांनी १६ ब्लूटूथ कुलपं तपासली, त्यातली १२ उघडली. काही तर पासवर्ड हवेतून साध्या अक्षरांत पाठवत होती. कंपन्यांना कळवलं तर बाराजणांपैकी एकाचंच उत्तर आलं, ते असं की आम्हाला माहीत आहे, दुरुस्त करणार नाही. २०१८ साली टॅपलॉक नावाचं बोटाच्या ठशाचं कुलूप संशोधकांनी फोनवरून दोन सेकंदांत उघडलं. कारण त्याची गुप्त किल्ली त्याच्या ब्लूटूथ पत्त्यावरून बनलेली, आणि तो पत्ता ते स्वतःच चोवीस तास हवेत ओरडून सांगत होतं!

पण थांबा, लगेच घाबरू नका. आपल्याकडचा चोर कटावणी घेऊन येतो, लॅपटॉप घेऊन नाही. पेपरातली बातमी आठवा: 'कडीकोयंडा उचकटून प्रवेश.' दाराची चौकट पोचट असेल तर कुलूप कुठलंही असू दे, फरक पडत नाही. म्हणून हॅकिंगच्या भीतीनं स्मार्ट लॉक नको, असं मी म्हणणार नाही. नावाजलेल्या कंपनीचं, अपडेट मिळत राहणारं कुलूप असेल तर ती भीती माझ्या यादीत बरीच खाली आहे.

वर काय आहे मग? ऐका. आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात भाड्यानं राहतो. गेल्या दिवाळीत घरमालक काकांनी हौसेनं वायफायचं कुलूप बसवलं. फायदे खरंच आहेत. एकीचे आई-बाबा साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं आले, आम्ही ऑफिसात. चार तास चालणारा कोड व्हॉट्सॲपवर पाठवला, झालं. आधी किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवायची, त्या गावाला गेल्या की पंचाईत. कामवाल्या मावशींचा ठसा मात्र मशीन घेत नाही. भांडी घासून घासून रेषाच पुसट झाल्यात त्यांच्या. त्यांना आकड्यांचा कोड दिला. पावसाळ्यात लाकडी दार फुगलं तेव्हा मोटर नुसती कण्हत राहिली, शेवटी दार खांद्यानं रेटून लावायचं. वीज गेली की कुलूप बॅटरीवर चालतं, पण वायफाय बंद, म्हणून लांबून उघडता येत नाही. हे सगळं चालवून घेता येतं.

चालवून घेता येत नाही ते वेगळंच. त्या कुलपाचं मुख्य खातं काकांच्या फोनवर आहे. दार कधी उघडलं, कोणाच्या कोडनं उघडलं, सगळी नोंद त्यांना दिसते. एका सकाळी फोन आला: "काय गं, काल रात्री दीड वाजता कोण आलं?" मी आले होते, शिफ्ट संपवून. काका वाईट माणूस नाहीत. पण पितळी किल्लीच्या काळात त्यांना हा प्रश्न सुचलाच नसता, कारण पितळी किल्ली चुगली करत नाही. आणि खरं सांगायचं तर मावशी किती वाजता आल्या हे आम्हीही आता नोंदीत बघायला लागलोय. त्यांना तसं कधी सांगितलेलं नाही.

हे नुसतं आमच्या घरचं रडगाणं नाही. २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्सनं घरगुती हिंसाचारात स्मार्ट उपकरणं कशी वापरली जातात यावर वृत्तान्त दिला. त्यात एका बाईच्या घराच्या डिजिटल कुलपाचा कोड रोज बदलत होता, आणि का ते तिला कळत नव्हतं. कुलूप एकदम सुरक्षित, कोणी हॅक केलेलं नाही. फक्त किल्ली तिच्याकडे नाही.

कधी कधी किल्ली कंपनीकडेच असते. ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीनं चुकून दुसऱ्याच मॉडेलचं अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपांचं इलेक्ट्रॉनिक डोकं एकदम बंद पडलं. त्यातली बरीच एअरबीएनबीवर भाड्यानं दिलेल्या घरांची होती. ज्यांच्याकडे धातूची किल्ली होती ते आत गेले.

महाराष्ट्रातलं यावरचं माझं आवडतं उदाहरण शनी शिंगणापूरचं. तिथे श्रद्धेपोटी घरांना दारं-कुलपं न लावायची प्रथा. २०११ साली युको बँकेनं गावात शाखा उघडली. प्रथेचा मान ठेवून दार काचेचं केलं, आणि त्याला सहज नजरेला न पडणारं, रिमोटवर चालणारं चुंबकी कुलूप बसवलं. बँकेनं प्रथा आणि तिजोरी दोन्ही सांभाळल्या, हरकत काहीच नाही. पण बघा, कुलूप दिसलं नाही की त्याची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणी विचारत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मात्र विचारलं. मॅनहॅटनमधल्या एका जुन्या इमारतीत मालकानं मुख्य दाराला फोनचं कुलूप लावलं. भाडेकरूंत एक ९३ वर्षांचे आजोबा होते, स्मार्टफोन न वापरणारे. त्यांचं येणं-जाणंच अडलं. पाच भाडेकरू कोर्टात गेले, आणि मे २०१९ मध्ये तडजोड झाली: मागेल त्याला धातूची किल्ली द्यायची. २०२१ साली शहरानं कायदाच केला. अशा दारांसाठी भाडेकरूची माहिती घ्यायची तर त्याची संमती हवी, ती विकायची नाही, आणि दार उघडल्याच्या नोंदी ९० दिवसांत पुसायच्या.

हे वाचून मीही काकांकडे गेले. तीन गोष्टी मागितल्या. कुलपासोबत आलेली धातूची किल्ली आम्हाला द्या. अकरा महिन्यांच्या करारात मुख्य खातं आमच्याकडे राहील असं लिहा. आणि नोंदी बंद करा, मावशींच्यासुद्धा. किल्ली त्यांनी लगेच कपाटातून काढून दिली. बाकीच्या दोन्हींवर म्हणाले, "बघू, करार एप्रिलमध्ये आहे ना."