खोऱ्यातलं नाणं

डॉलरचा भाव मी मोबाइलवर रोज बघतो, पण 'डॉलर' म्हणजे काय, हा प्रश्न कधी पडला नव्हता. उत्तर सापडलं एका खोऱ्यात.

बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेकियाच्या डोंगरात १५१६ च्या सुमारास चांदी लागली. तिथे गाव वसलं: योआखिम्सटाल, संत योआखिमचं खोरं. जर्मनमध्ये 'टाल' म्हणजे खोरं. तिथल्या श्लिक सरदारांनी १५२० च्या सुमारास त्या चांदीची जाडजूड नाणी पाडली. लोक त्यांना 'योआखिम्सटालर' म्हणू लागले. आपण गावाच्या नावाला 'कर' जोडतो ना, अगदी तसंच. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? आधीचा भाग गळला आणि 'टालर' उरलं, म्हणजे नुसतं 'खोऱ्यातलं'. डच लोकांनी त्याचं 'डाल्डर' केलं, इंग्रजीत 'डॉलर' झालं. १७९२ साली अमेरिकेने कायदा करून त्याच नावाची नाणी पाडायचं ठरवलं.

गंमत इथे संपते. त्याच डोंगरात पुढे युरेनियम सापडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने ते राजकीय कैद्यांकडून खणून घेतलं.

डॉलर वधारला की आता मला ते खोरं आठवतं. त्याचं नाव जगभर गेलं. तिथे खणणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याच नाण्यावर नाहीत.