वडिलांचा क्लब सोडणारा बरासी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. चेंडू लंबगोल, एका संघात अठरा खेळाडू, गोलाला सहा गुण. चेंडू फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. त्याला हँडबॉल म्हणतात. या खेळातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे रॉन बरासी (१९३६-२०२३).

त्याचे वडील १९४० साली मेलबर्न क्लबच्या विजेत्या संघात होते. पुढच्याच वर्षी लिबियातील तोब्रुकच्या लढाईत ते मारले गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. तो मोठा झाला तेव्हा खेळाडू कुठल्या क्लबचा, हे त्याच्या राहत्या भागावरून ठरे. मेलबर्नने खटपट केली आणि मुलाला वडिलांच्या क्लबात खेळू देणारा नियम आला. वडिलांचे सहकारी नॉर्म स्मिथ आता प्रशिक्षक होते. त्यांनी पोराला आपल्या घरामागच्या खोलीत ठेवून घेतले. वडिलांचाच ३१ नंबर घालून तो १९५३ पासून खेळला आणि १९५५ ते १९६४ या काळात सहा विजेतेपदे मिळवली. शेवटच्या दोन वेळी कर्णधार तोच होता.

आणि १९६५ साली तो कार्लटनला गेला!

कर्णधार आणि प्रशिक्षक अशी दोन्ही पदे, शिवाय चांगला पैसा. मेलबर्नच्या चाहत्यांना हा घरभेदीपणा वाटला. धेंपो-साळगांवकर सामन्यांवर वाद घालणाऱ्या गोंयकाराला तो राग समजावून सांगायला नको. पण पैशाइतकीच स्मिथच्या सावलीबाहेर उभे राहण्याची ओढ त्याला असावी, असे मला वाटते. आम्हां कारकुनांची बदली वरून येते. त्याने आपली आपणच करून घेतली.

कार्लटनला २१ वर्षे विजेतेपद नव्हते. ते १९६८ साली मिळाले. १९७० च्या अंतिम सामन्याला १,२१,६९६ प्रेक्षक होते. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. बरासीने खेळाडूंना हँडबॉल करत सुटायला सांगितले आणि टेड हॉपकिन्स या राखीव खेळाडूला उतरवले. त्याने चार गोल केले. कार्लटन १० गुणांनी जिंकले. नंतर १९७५ साली नॉर्थ मेलबर्नला त्याने त्यांचे पहिलेवहिले विजेतेपद मिळवून दिले, १९७७ साली दुसरे.

१९८१ साली तो प्रशिक्षक म्हणून मेलबर्नला परतला. त्या मोसमात संघाने एकच सामना जिंकला. पाच वर्षांत विजेतेपद आले नाही. पण त्याच काळात आयर्लंडहून आणलेला जिम स्टाइन्स १९९१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९६४ नंतर मेलबर्नला पुढचे विजेतेपद थेट २०२१ मध्ये मिळाले. ते पाहायला बरासी हयात होता. वडिलांच्या पुण्याईवर मिळालेली जागा त्याने सहा विजेतेपदांनी फेडली होती. त्यानंतरही त्याने आयुष्यभर तिथेच राहावे, ही अपेक्षा मला तरी न्यायाची वाटत नाही. तुम्हांला काय वाटते?