१८९६चा रोवणा

नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवर तुम्ही उभे आहात, आणि साल आहे १८९६, महिना आषाढ. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन चाळीस वर्षं उलटली. मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालतो. जमाबंदीच्या कागदांत गाव आहे, गावाचा मालक मालगुजार आहे, कुळं आहेत, रोखीनं भरायचा सारा आहे. धान रोवणाऱ्या बाया त्यात नाहीत. त्यांना भेटायचं तर बंगाल-नागपूर रेल्वेनं वरठीला उतरा आणि बंडीनं साकोलीकडे निघा.

धानाच्या बांधीत पाय टाकताच तुम्ही पोटरीपर्यंत रुतता. पुढे हेल्यांची जोडी लाकडी नांगर ओढते आहे. मागून दतारी फिरते आणि ढेकळांचा गाळ होतो. ही मालगुजाराची सीर, म्हणजे घरची, जमीन. इथं सालदार राबतो, आणि कुळांनाही स्वतःचं शेत सोडून बेगारीला यावं लागतं. आज पाऊस धरलाय, म्हणजे कुळाची बांधीही आजच रोवायला हवी होती. पहिला पाऊस मालगुजाराचा, हे मला बेगारीतलं सगळ्यांत क्रूर वाटतं.

पऱ्ह्यांची पेंढी तुमच्या हातात येते. तुम्ही रोपं मुठीनं खुपसता. शेजारची बाई तुमचं मनगट धरते. "असं नाही जी, अंगठ्यानं दाबा. मूळ वाकडं गेलं तं रोप धरत नाही." तिची बोटं पाण्याखाली जातात, वर येतात, ओळ मागे मागे सरकते. नांगर, दतारी, इळा ही अवजारं लोहार-सुतार घडवतात. ही बोटं कोण घडवतं? पोरीच्या वयापासूनचे पावसाळे. तासाभरात तुमची कंबर मोडते, तिला अजून दिवस काढायचाय. मजुरी धानात मिळेल.

वरच्या अंगाला तलावाची पाळ दिसते. कोहळी समाजानं इंग्रजांच्या कितीतरी आधी असे तलाव बांधले, नवेगावबांध त्यांतलाच. तुडुम उघडलं की पाणी पाटानं बांधीबांधीत फिरतं, आणि कुणाला किती द्यायचं ते पाणकर पाहतो.

यंदा त्या पाण्यावाचून गत्यंतर नाही. पाऊस लवकरच पाठ फिरवणार आहे आणि धान निसवण्याच्या ऐन वेळी बांध्या भेगाळणार आहेत. ज्यांच्या बांध्या तलावाखाली येत नाहीत, ती कुळं आणि तिथले मजूर पुढच्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडायला जातील. तिथं दगडांचा ढीग मोजून मजुरी ठरते.