इथिलीन: फळे रंगवणारा वायू तयार कसा होतो व वापरताना काय पाळावे

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव-मंगरूळपीर भागात आंबिया बहाराचा संत्रा लवकर तोडला, तर आतून गोड असूनही साल हिरवी राहते. रात्री उबदार असल्याने सालीतील हरितद्रव्य कमी होत नाही. अशा फळांना रंग आणण्यासाठी इथिलीन वायू वापरतात.

इथिलीन म्हणजे काय?
दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेल्या संयुगांना अल्कीन म्हणतात. इथिलीन हे सर्वांत साधे अल्कीन. पिकणारी फळे ते स्वतःही तयार करतात.

तयार करण्याच्या पद्धती
- अल्कोहोलपासून: इथाइल अल्कोहोलची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून नेल्यास पाणी बाहेर पडून इथिलीन उरते. रायपनिंग चेंबरमधील जनरेटर याच तत्त्वावर चालतो. ४६ ग्रॅम अल्कोहोलपासून जास्तीत जास्त २८ ग्रॅम इथिलीन मिळते.
- अल्किल हॅलाइडपासून: इथाइल अल्कोहोल व हायड्रोक्लोरिक आम्लापासून इथाइल क्लोराइड बनते. ते अल्कोहोलमधील पोटॅशसोबत (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) तापवल्यास क्लोरीन निघून इथिलीन मिळते. ही प्रयोगशाळेतील पद्धत आहे.
- इथेफॉनपासून: याच्या रेणूतही दोन कार्बनच्या साखळीवर क्लोरीन असतो. आम्लयुक्त द्रावणात इथेफॉन टिकते. आम्लता कमी झाली की फुटून इथिलीन, क्लोराइड व फॉस्फेट तयार होतात. म्हणून विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात द्रावण कालवून ठेवू नये, वायू आधीच उडून जातो. फवारणीसाठी ताजेच द्रावण करावे.

संत्र्याचा रंग बदलताना
- इथिलीन ५ ते १० पीपीएम, तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअस, आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवावी.
- अधूनमधून हवा बदलावी. कार्बन डायऑक्साइड साचल्यास रंग नीट येत नाही.
- संत्रा तोडणीनंतर गोड होत नाही. केळी-आंब्याप्रमाणे तो पिकत नाही, फक्त साल रंगते. कच्चे फळ रंगवून विकल्यास व्यापाऱ्याचा विश्वास जातो व पुढच्या तोड्याचा भाव पडतो. आधी चव पाहावी, मगच तोडणी करावी.

कायदा व सुरक्षितता
- फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन निघते, सोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश येतात.
- एफएसएसएआयने इथिलीन वायूस १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली आहे. फळे इथेफॉनच्या द्रावणात बुडवू नयेत. पुडीचाही फळांशी थेट संपर्क नको.
- १०० पीपीएम म्हणजे एक घनमीटर हवेत १०० मिलिलिटर वायू. ३ × ३ × ३ मीटर खोलीसाठी २.७ लिटर पुरतो.
- हवेत इथिलीन २.७ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. खोलीत विडी, दिवा, उघडी वायरिंग नको.